फोटोतली दुसरी बाई

यमुनाआत्या काचेला नाक टेकेपर्यंत वाकल्या आणि फोटोखालची पाटी त्यांनी पुन्हा वाचली. मुलीचं नाव होतं, प्राग होतं, १९३९ होतं. युद्धानंतर खरी आई येऊन तिला घेऊन गेली, हेही होतं. मुलीला कडेवर घेतलेली बाई मात्र नुसतीच 'फॉस्टर मदर'.

"हिचं नाव का नाही गं?"

स्वरालीने खांदे उडवले. "माहीत नाही, आत्या."

नॉटिंगहॅमजवळच्या खेड्यातलं हे दोन खोल्यांचं संग्रहालय. सत्तर वर्षांपूर्वी, युद्धाच्या तोंडावर ज्यू मुलांना ट्रेनमध्ये बसवून इंग्लंडला आणलं, अनोळखी घरांनी त्यांना वाढवलं, त्यांच्या आठवणींचं. किल्ले बघून आत्या कंटाळल्या, म्हणून भाचीने आज गाडी इकडे वळवली.

आईवडील इथल्या हॉस्पिटलांत पाय रोवत होते, तेव्हा पाच वर्षांची होईपर्यंत स्वराली नागपूरला आत्यांकडेच होती. त्यांनाच आई म्हणायची. मग उल्कावहिनी आली आणि घेऊन गेली. तिचंच लेकरू, तक्रार कसली करणार? त्यानंतर चौदा वर्षांत पोर एकदाही नागपूरला फिरकली नाही. हिला आपली कधी आठवण तरी आली का, एवढंच आत्यांना विचारायचं होतं, आणि इथे येऊन महिना झाला तरी जीभ रेटत नव्हती.

फोटोतली मुलगी आता त्र्याहत्तर वर्षांची होऊन दाराशी खुर्चीत बसली होती. एडिथबाई दर मंगळवारी येणाऱ्यांशी बोलायच्या.

"त्यांना विचार," आत्या म्हणाल्या, "आईकडे गेल्यावर या बाईला भेटायला कधी गेल्या का?"

स्वरालीने विचारलं. एडिथबाईंनी फोटोकडे बघत मान हलवली.

"नेव्हर," त्या म्हणाल्या. पुढे आईबद्दल काहीतरी, हळू आवाजात.

स्वराली वळली. "त्या म्हणतात, दर समरला जायच्या. खूप लेटर पण लिहिला."

आत्यांनी तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. 'नेव्हर' कळायला दुभाषी कशाला लागतो? पोर धडधडीत खोटं बोलत होती, तेही आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. आत्यांना तिची दया आली आणि रागही आला.

"बरं केलं हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना. म्हणावं, त्या बाईला किती बरं वाटलं असेल."

हे इंग्रजीत कसं सांगणार? खोटं उघडं पडलं असतं. स्वराली एडिथबाईंकडून आत्यांकडे वळली.

"आत्या, मी तुझं नाव घेतला की मम्मी रडायची," ती म्हणाली. "म्हणून मी घेणं स्टॉप केला."

एडिथबाईंना यातलं अक्षरही कळलं नाही. पण आत्यांचा चेहरा बघून त्या उठल्या आणि आपली खुर्ची त्यांनी आत्यांना दिली.