अंगठ्यातली पिन

"हल्लीच्या पिना म्हणजे नुसता कचरा," ऑरिन पुटपुटला. "बोटात धरवतसुद्धा नाहीत."

मी त्याच्या पाठीवर स्पर्धेचा नंबर टाचत होते. लग्नापासून हे काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. नवरा निदान तेवढ्यापुरता एका जागी उभा राहतो. शेवटची पिन मागायला हात पुढे केला, तर ती त्याच्या डाव्या अंगठ्यात अर्धी रुतलेली. रक्ताचा ओघळ पार मनगटापर्यंत आलेला, आणि हा गृहस्थ मला जुन्या पिनांचं कौतुक सांगत होता.

मी पिन उपसली. त्याला कळलंही नाही. 

वसंतात एका गोऱ्ह्यानं त्याला मानेवर आपटलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात 'मान जरा धरलीय' एवढंच बोललं जायचं. कप पडला, की कपच निसरडा. लगाम सुटला, की घोडा नाठाळ. मीही तसंच म्हणायचे, आणि काचा भरायचे.

ऑरिनचा खेळ असा: पळत्या घोड्यावरून गोऱ्ह्याच्या शिंगांवर झेप घ्यायची. एक शिंग उजव्या कोपरात, दुसरं डाव्या मुठीत, टाचा मातीत रोवायच्या आणि त्याला लोळवायचं. डावी मूठ सुटली तर माणूस खुरांखाली.

माझा दीर टेट पलीकडच्या बाजूनं घोडी दौडवून गोऱ्हा सरळ रेषेत ठेवतो. त्याच्याशिवाय ऑरिनला निघता येत नाही. मी कुंपणाशी जाऊन त्याला ती रक्ताळलेली पिन दाखवली. टेटनं पिनेकडे पाहिलं. मग त्यानं घोडी वळवून बाहेर काढली.

"घोडी लंगडतेय, दादा."

"सकाळी तर नाचत होती."

"आता लंगडतेय."

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. आमची माणसं कशी आहेत, हेच मी विसरले होते. आमच्या वायोमिंगात ज्याला हरवायचं त्यालाच आपला घोडा देतात, आणि नाही दिला तर घरी जाऊन आईला तोंड दाखवता येत नाही. सकाळपासून पहिल्या नंबरावर असलेला क्लीट बार्लो आपल्या घोड्याचा पट्टा आवळत पुढे आलासुद्धा.

"मी धरतो पलीकडची बाजू. तू फक्त मान हलव, म्हाताऱ्या."

"तुझ्यासारख्या पोराच्या मदतीनं जिंकायचं म्हणजे लाजच," ऑरिन म्हणाला. सगळे हसले. कुणी त्याच्या घोड्याचं खोगीर तपासलं, कुणी त्याला पाणी दिलं. सगळ्यांचा चांगुलपणा त्याला हळूहळू फाटकाकडे ढकलत होता.

तो जागेवर जाऊन उभा राहिला. डावा हात मांडीवर ठेवला होता, विसरलेल्या हातमोज्यासारखा. लोखंडी फाटकाआड गोऱ्हा शिंगं आपटत होता. आता ऑरिननं मान हलवली, की फाटक उघडणार. टेट खाली मान घालून घोडीचा धडधाकट पाय चाचपत बसला होता.

"वहिनी," तो वर न बघता म्हणाला. एवढंच.

तिथं बायकोनं बोलायचं नसतं. मी कुंपणावर चढले. माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला.

"क्लीट, थांब. त्याचा डावा हात मेलाय. शिंग धरलंय की सुटलंय, ते त्याला कळणार नाही."