मृगवनातली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे, मित्रांनो. बोलणे हेच माझे काम असल्यामुळे स्वतःची कथा सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

एका ओताऱ्याने मला ओतले आणि म्हसवडच्या यात्रेत धोंडूआक्का नावाच्या धनगरणीच्या नवऱ्याने मला विकत घेतले. त्याने मला कळपातल्या सर्वांत पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात बांधले. तो मेंढा कुठे चालला आहे हे मागच्या मेंढरांना ठाऊक नसायचे. खरे सांगायचे तर त्यालाही नसायचे. पण मी वाजत असे, आणि तेवढ्यावर सगळे समाधानी असत. माण तालुक्यातली माळराने आम्ही अशीच तुडवली. मेंढरे उन्हात चमकणाऱ्या माझ्याकडे मान वर करून बघत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढे नवरा वारला, मेंढरे विकावी लागली. धोंडूआक्का मला पदरात बांधून कराडजवळच्या एका वसाहतीत भाचीकडे राहायला आली. वसाहतीचे नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना अपमान फार लवकर वाटतो. तिथे टेकडीला जाळी मारून मृगवन केलेले होते. दारावरच्या फलकावर हरणाचे चित्र होते आणि मृगवन समितीच्या अध्यक्षांचे, वीरधवलदादांचे, छायाचित्र होते. कुणाचे मोठे होते ते विचारू नका.

धोंडूआक्का तिथे चारा घालायच्या कामाला लागली. हरणे झुडपांत दडून बसत. येणारी मंडळी रिकामी जाळी बघून परत जात. मग आक्काने मला बाहेर काढले. चारा टाकायचा आणि मला वाजवायचे. असे रोज करता करता हरणे माझ्या आवाजाला ओळखू लागली. आधी दबकत, मग चालत, मग धावत. बुटकी नावाचे पाडस तर आक्काने शेळीच्या दुधावर वाढवले होते. ते तिच्या लुगड्याला तोंड पुसत असे. लोक म्हणत, "आक्का, जादू हाय गं तुझ्या घंटीत!" मित्रांनो, मी फुगले होते. पितळ सहसा फुगत नाही.

एके दिवशी वीरधवलदादा आले.

"आक्का, उद्या माझा वाढदिवस. सकाळी बाग बंद ठिवा. पाहुणं आणतोय. तुमी हरणं बोलवा, फोटो काढायचं हायती."

"आणा की दादा," आक्का खुशीत म्हणाली. "लय धीट झाल्यात आता. हातातनं खात्यात."

सकाळी फाटकाबाहेर कार्यकर्त्यांनी फटाक्यांच्या माळा लावल्या. आत आक्काने मला वाजवले. हरणे धावत आली. पाहुण्यांनी गाडीतून जे काढले तो कॅमेरा नव्हता. फटाक्यांच्या त्या कडकडाटात एक आवाज वेगळा होता, पण तो बाहेर कुणाला कळणार? मोठ्या शिंगांचा नर चाऱ्यावरच पडला. त्याच्या तोंडात घास होता.

"दादा, ह्ये काय केलंसा!"

"आक्का, बाहेरची कुत्री लय माजल्यात," दादा शांतपणे म्हणाले. "कुत्र्यांनी मारलं. व्हय न्हवं?"

आक्काने त्यांच्याकडे बघितले. "व्हय," ती म्हणाली, "कुत्र्यानंच मारलं."

दादांना ते समजले नाही. "ह्या ऐतवारी परत येतो," असे सांगून ते गेले. दुपारी वाढदिवसाच्या पंगतीत रश्श्याचे कौतुक झाले म्हणतात.

आक्काने चार जणांना सांगून पाहिले. "वय झालं आक्का तुमचं, नीट दिसत न्हाई," एवढेच उत्तर मिळाले. मला विहिरीत टाकावे असेही तिच्या मनात आले. पण दुसरी घंटी बाजारात मिळतेच की.

मग तिला माणातली रीत आठवली. ज्या ओढ्यात लांडगा असतो, तिकडे मेंढरे वळली की धनगर दगड भिरकावतो. माया असते म्हणूनच भिरकावतो. दुसऱ्या दिवशी तिने मला वाजवले. हरणे धावत आली, आणि तिने दगड मारले. ती थांबली, परत वाजवले, परत मारले. "पळा, मुडद्यांनो! घंटी ऐकली की पळायचं!" एकीकडे दगड, एकीकडे डोळ्यांना पदर. शनिवारपर्यंत माझा नुसता किणकिणाट झाला तरी हरणे टेकडीच्या टोकाला जाऊन उभी राहत.

फक्त बुटकी यायची. तिच्यावर आक्काने एकदा दगड उचलला, तर ती तो हुंगायलाच पुढे आली. आक्काने दगड टाकून दिला.

फिरायला येणाऱ्या एका प्राणिप्रेमी गृहस्थाने हे सारे जाळीबाहेरून मोबाईलमध्ये टिपले. चित्रफीत घरोघर पोचली. मुक्या जिवांना दगड मारणारी म्हातारी! वसाहत हळहळली. वीरधवलदादांनी तर डोळे पुसत निषेध केला. त्याच संध्याकाळी आक्काला कामावरून काढले. मी मात्र समितीची मालमत्ता ठरले.

रविवारी दादांनी मला स्वतः वाजवले. एकही हरीण आले नाही. पुन्हा वाजवले. पाहुणे हसायला लागले.

"काय दादा, मतदार न्हाई ऐकत ते समजलं, हरणं बी ऐकंनात व्हय?"

दादा चिडून मला बडवू लागले. तेव्हा झुडपातून बुटकी बाहेर आली. आक्का कुठे दिसते का ते बघत, धावत आली.

जिच्यावर दगड मारवला नाही, तेवढी एकच गेली.

हरणे माणसाळत नाहीत, असे कारण देऊन पुढे मृगवन बंद झाले. उरलेली दूर जंगलात सोडली. आणि मला दादांनी तुमच्या शाळेला भेट दिले. माझ्यावर त्यांचे नाव कोरले आहे. मी वाजले की तुम्ही खिचडीला धावत येता. किती छान धावता!

जुन्या वस्तूने शेवटी आपली काळजी घ्या अशी विनंती करायची असते. मला चिंच लावून घासू नका, बाळांनो. काळी पडले तरी चालेल. पंधरा ऑगस्टला दादा येऊन दोरी हातात घेतील, फोटोसाठी तुम्हाला बोलावतील. तेव्हा धावण्याआधी एकदा वर बघा. आवाज माझा असला, तरी हात माझा नसतो.

शाळेच्या कुंपणापलीकडे दुपारी एक म्हातारी लोकांच्या शेळ्या चारते. मी वाजले की ती वाकून दगड उचलते. तुम्ही ताटल्या वाजवत धावत येताना दिसता. ती तुमच्याकडे बघते, आणि दगड खाली ठेवते.

तिला तुमच्यावरही मारवत नाही. म्हणून मला बोलावे लागले.