समासातली उत्तरं

कमेंट लपवली म्हणजे पुसली, असं समजणारा माणूस बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ कॉम्प्युटरच्या क्लासात वर्ड शिकवतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मयूर त्याचं नाव. क्लासमध्ये पोरं त्याला सर म्हणतात आणि ते त्याला आवडतं. घरात कोणी म्हटलं असतं तरी त्यानं हरकत घेतली नसती.

घरात म्हणजे वडील, दिगंबरराव. सारं आयुष्य नेपानगरच्या कागद कारखान्यात गेलं. निवृत्तीनंतर बुऱ्हाणपूरच्या घरी आले, थोडे स्थिरावले, तोच बायको गेली. निर्मलाबाई. तिच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्यांच्या हातात तिच्यावरची छोटी पुस्तिका द्यायची, असं त्यांनी ठरवलं. ती स्वतःच टाइप करायची, असंही ठरवलं.

"मयूर, मले थोडं शिकव ना," ते म्हणाले.

"पप्पा, तुम्ही कागदावर लिहून द्या, मी करतो. तुम्हाला शिकवत बसलो तर दुसरं वर्षश्राद्ध येईल."

म्हणाला आणि गाडीला किक मारून क्लासला गेला. परक्यांच्या पोरांना एकच बटण दहादा दाखवताना हा माणूस कधी चिडत नाही. बापाच्या वेळी मात्र त्याला घाई असते.

दिगंबररावांनी वाद घातला नाही. मयूर क्लासमध्ये वाटतो त्या नोट्सची एक झेरॉक्स घरात पडलेली होती, ती त्यांनी उचलली आणि रोज दुपारी जुन्या लॅपटॉपसमोर बसू लागले. एका बोटानं टाइप करत करत त्यांनी चार पानं पुरी केली आणि पेन ड्राइव्हवर घालून मुलाच्या हातात दिली. "जरा तपासून दे," म्हणाले.

चार पानं कशी होती? जशी असायची तशीच होती. नवं नवं बटण सापडलेल्या माणसाला प्रत्येक ओळ ठळक करावीशी वाटते. नाव लाल, त्याखाली रेघ, रेघेखाली आणखी रेघ. शीर्षक मध्यावर आणण्यासाठी स्पेसबार दाबत दाबत ढकललेलं. यात हसण्यासारखं होतं, नाही असं नाही. पण हसायचं तर मनात हसावं. मयूरनं ती फाइल जळगावला दिलेल्या बहिणीला, निशाला पाठवली, आणि मग दोघं भाऊबहीण फाइलच्या समासात कमेंटवर कमेंट टाकत बसले. इकडून एक, तिकडून एक. आईची आठवण दोघांनाही येत होती, हे खरं. पण दोघं खिदळले, हेही तितकंच खरं.

मग मयूरला भान आलं. पप्पांना हे दिसायला नको. वर्डमध्ये कमेंट आणि दुरुस्त्या नजरेआड करायची सोय असते. त्यानं ती वापरली, पान स्वच्छ दिसलं, त्याचं समाधान झालं. खऱ्या चुका पिवळ्या करून त्यानं पेन ड्राइव्ह परत दिला. "पिवळं तेवढं बघा पप्पा, मग छापायला टाकू."

चार दिवसांनी, भर क्लासमध्ये, दिगंबरराव दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करणारी पोरंपोरी वळून पाहू लागली.

"सर, येऊ का? दुरुस्त्या झाल्या. एक तेवढी राहिली, ती माझ्यानं होईना."

वडिलांनी सर म्हटलं, पोरांसमोर म्हटलं, आणि मयूर फुलला. त्याला वाटलं, दाखवावं आपल्या नोट्सचं तेज. "हे माझे वडील," त्यानं सांगितलं. "या वयात, नुसत्या आपल्या नोट्स वाचून वर्ड शिकले. आता बघा त्यांचं काम." आणि पेन ड्राइव्ह लावून त्यानं फाइल भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर उघडली.

पान देखणं होतं. शीर्षक बरोबर मध्यावर, अक्षर काळं, एकसारखं. पण उजवीकडचा समास वरपासून खालपर्यंत भरलेला होता. लपवलेल्या कमेंट दुसऱ्या वेळी फाइल उघडली की पुन्हा उभ्या राहतात, हे सरांना ठाऊक नव्हतं.

"सर, इथं तुमचं नाव येऊन राहिलं," पहिल्या बाकावरची ज्योत्स्ना म्हणाली. बिचारीला वाटलं, हाही धड्याचाच भाग. आणि ती वाचू लागली.

"मयूर सर: एवढं मोठं अक्षर? आई आहे का नगरपालिकेची पाटी?" त्याखाली दिगंबररावांचं उत्तर: "अक्षर लहान केले आहे."

"निशा: स्पेसबारनं ढकलत ढकलत आणलंय आईला मध्यावर!" पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेली इमोजीची तोंडं. त्याखाली उत्तर: "नोट्सप्रमाणे सेंटरचे बटण वापरले. आता बरोबर आली."

"मयूर सर: तोच परिच्छेद तीनदा. पप्पांना कॉपी-पेस्ट सापडलं वाटतं." उत्तर: "क्षमस्व. एकदाच ठेवला."

ज्योत्स्ना थांबली. तिच्या लक्षात आलं होतं. मागच्या बाकावर कोणीतरी हसणार होतं, तेही हसलं नाही. कमेंटला खाली नम्रपणे उत्तर द्यावे, काम झाले की 'रिझॉल्व्ह'वर क्लिक करावे, म्हणजे कमेंट फिकी होते: हे वाक्य मयूरनंच नोट्समध्ये घातलं होतं. वडिलांनी ते जसंच्या तसं पाळलं होतं. साहेबानं शेरा मारावा आणि कारकुनानं खाली उत्तर लिहावं, तसं. समासातल्या सगळ्या कमेंट फिक्या झाल्या होत्या. एक सोडून.

त्यानं रिमोटकडे हात नेला.

"राहू दे," दिगंबरराव म्हणाले. "तीच पाहायची आहे. खाली घे."

त्यानं पान खाली घेतलं. वडिलांनी लिहिलं होतं, 'दर रविवारी मी निर्मलासाठी गरम मावा जिलेबी आणत असे.' शेजारी निशाची कमेंट: "कधी??? मी तर एकदाही नाही पाहिली." आणि तिच्याखाली सरांची: "जिवंतपणी नाही, आता छापून खाऊ घालतायत."

हे आपण लिहिलं, हे मयूरला त्या क्षणी खरं वाटेना. पण नाव त्याचंच होतं, आणि पुढे 'सर'ही होतं. त्याखाली दिगंबररावांचं उत्तर होतं. ते कोणी मोठ्यानं वाचलं नाही. सगळ्यांनी मनातच वाचलं.

"आपले म्हणणे बरोबर आहे. मी कधीच आणली नाही. पण तुमची आई तुकईथडच्या मंगलाला फोनवर सांगत असे, की हे दर रविवारी गरम मावा जिलेबी घेऊन येतात. बहिणीपुढे तिला तसे सांगावे लागे. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असे. मला ऐकू येत असे. तरी आणली नाही. का नाही, हे मला सांगता येत नाही. वर्षश्राद्धाला मंगला येईल, पुस्तिका वाचेल. निर्मलाचे बोलणे खोटे पडू नये म्हणून हे वाक्य घातले. ठेवावे की काढावे, मार्गदर्शन करावे."

मयूरला पोरांकडे बघवेना आणि बापाकडे तर मुळीच बघवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगीच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. आईचं ते फोनवरचं बोलणं त्यानंही ऐकलेलं असणार. आई बोलतेय म्हणून लक्ष दिलं नसणार. आणि शनवाऱ्यातून घरी जाताना जिलेबीचं दुकान तर त्याच्याही वाटेवर होतं.

"पप्पा, राहू द्या ते वाक्य," तो कसाबसा म्हणाला. "बाकीचं सगळं मी आत्ता पुसतो."

"पुसू नको इतक्यात," दिगंबरराव म्हणाले. "आधी निशाले पाठव. तिनं पण विचारलंय, तिलेही उत्तर वाचू दे." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. आपलंच काही चुकल्यासारखे ते खाली बघत होते. नंतर त्यांनी पोरांना हात जोडले आणि जायला निघाले.

मयूर त्यांच्यामागे दारापर्यंत गेला. "पप्पा, मला वाटलं कमेंट निघून गेल्या. मला माहीत असतं तर..."

दिगंबरराव पायात चप्पल घालत होते.

"कमेंट पुसायची कशी, ते तुझ्या नोट्समध्ये आहे," ते म्हणाले. "मी वाचलंय ते."