थोरल्याची कूस

थेरुणाच्या घरात जुळ्या नाती जन्मल्या त्या वर्षीची पानगळ. मळणीच्या सणाच्या सकाळी सगळं खोरं खळ्याभोवती जमलेलं असताना तिने खुंटीवरची ताल द्यायची मोगरी काढली आणि कोणालाही न विचारता सुनेच्या हातात दिली.

कुजबुज झाली. थेरुणाचा दीर बार्काश पुढे आला.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? ही पलीकडच्या खोऱ्यातली. तिकडच्या खळ्यावर हिची आई सोर्वाच ताल देते. पोर स्वतःच्या आईचं पाणी पळवेल होय?”

“पळवेल.”

“आणि नाही पळवलं तर?”

“तर तुझ्या लेकाला देऊ मोगरी. तो एक ठोका मारेल, अन् थोरला हसत हसत उठून बसेल.”

बायका तोंडाला हात लावून हसल्या.

थोरला म्हणजे दोन खोऱ्यांच्या मधोमध निजलेला डोंगर. वर्षातून एकदा, नव्या झुरीची कणसं मळायला घेतली की तो कूस बदलतो, आणि ज्यांच्याकडे तोंड करतो त्यांच्याकडे वर्षभर झरा वाहतो. मळणी दोन्हीकडे एकाच दिवशी. अनवाणी उभं राहायचं. पलीकडचा ठोका डोंगरातून तळपायाला लागतो. तो पडून गेला की मधल्या रिकाम्या जागेत आपला ठोका घालायचा. ज्यांचा ठोका दुसऱ्यांच्या ठोक्यावर आदळतो, त्यांच्याकडे थोरला पाठ करतो. गेल्या साली तेच झालं. पाणी पलीकडे गेलं, इकडच्या सात घरांनी बिऱ्हाड हलवलं. यंदाही तसंच झालं तर खोऱ्यात चूल पेटायची नाही.

लोक म्हणाले, नशीब. थेरुणाला मात्र ठाऊक होतं. तिचे तळपाय बधिर झाले होते. दोन वर्षं तिने नुसत्या सवयीवर निभावलं, तिसऱ्या वर्षी चुकली. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पण सुनेचे पाय तिने पारखून ठेवले होते. गोठ्यात गाभण मेंढी कुशीवर वळली तरी ईल्गेशला अंगणात कळायचं.

“आत्याबाई, माझं चुकलं तर?” ईल्गेशने हळूच विचारलं.

“चुकायचं नाही. तुझ्या आईने तीस वर्षं मला घाम फोडलाय. तिचा ताल तुझ्याइतका कोणाला माहीत? आज तू फोड तिला घाम.”

ईल्गेश हसली. वहाणा काढून ती खळ्याच्या मध्यावर गेली, मोगरी उचलली आणि थांबली. बराच वेळ थांबली. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. बार्काश खाकरला.

“गप्प बस,” थेरुणा म्हणाली. “ऐकतेय ती.”

मग ईल्गेशने हाक दिली आणि चाळीस मोगऱ्या एकदम कणसांवर आल्या. थेरुणाच्या पायांना काही कळत नव्हतं, पण कान शाबूत होते. पोर अगदी मोजून जागा सोडत होती. लांब, आखूड, आखूड, पुन्हा लांब. ही सोर्वाचीच चाल. जिच्याशी उभा जन्म झगडले ती का ओळखू येणार नाही? तिने दिराच्या बरगडीत कोपर मारलं.

“बघ. आधी आईला बोलू देते, मग आपण बोलते.”

दुपार कलायच्या आत थोरल्याने कूस बदलली. खळ्यावरचे दाणे थरथरले, वरून चार-दोन धोंडे गडगडत आले, आणि कोरड्या पाटात लाल, गढूळ पाणी शिरलं. लोकांनी एकच आरोळी ठोकली. बार्काश पाटात उतरून स्वतःच्याच डोक्यावर ओंजळी ओतू लागला.

“वहिनी, मी म्हणतच होतो, पोर गुणाची आहे!”

“कधी म्हणालास रे, मेल्या?”

आंबवलेल्या पेजेचा वाडगा घेऊन ती सुनेकडे गेली. ईल्गेश अजून खळ्यावरच होती, उकिडवी बसून, तळहात जमिनीला टेकवून.

“घे. तुझी आई तिकडं मला शिव्या मोजत असेल.”

ईल्गेशने वाडगा घेतला नाही.

“तिकडं कोणीच नव्हतं, आत्याबाई.”

“म्हणजे?”

“एकही ठोका आला नाही. पहिल्यापासून.”

थेरुणा खाली बसली. रीत दोन्ही खोऱ्यांत एकच: ताल देणारी गेली की त्या दिवशी खळं मुकं. ईल्गेशला हे मोगरी उचलली तेव्हाच कळलं असणार.

“मग इतका वेळ जागा कोणासाठी सोडत होतीस?”

सुनेने तळहात जमिनीवर आणखी दाबले. थेरुणाने वाडगा बाजूला ठेवला आणि तिच्या पावलांना चिकटलेला भुसा हाताने झाडू लागली.

निरोप तिसऱ्या दिवशी खिंडीतून आला. ईल्गेशची आई सोर्वा सणाच्या पहाटे वारली होती, खळ्यावर पहिली पेंढी पडायच्या आधी.