उजव्या खिशातले दोन खडे

मोजणीदाराचा आवडता शब्द होता 'मूर्ख'. तो चिडून म्हणायचा असं नाही, वहीत नोंद करावी तसा म्हणायचा. शेजाऱ्याने गाडी तिरकी लावली, मूर्ख. भाच्याने कर्ज काढून मोठा टीव्ही आणला, मूर्ख. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली, आणि तीस वर्षांत आपली हद्द नेमकी कुठे संपते हे नीट ठाऊक असलेला एकही माणूस त्याला भेटला नव्हता. सगळे आपले हात हवेत फिरवून 'इथून तिथपर्यंत' म्हणणारे. अशा माणसाचं जगाबद्दल मत चांगलं कसं होणार?

मागच्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी स्टेंट बसवला. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, पळा हवं तर. पण ऑफिसातल्या साहेबाला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. त्याने मोजणीदाराला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. 'आराम करा आता, काका,' म्हणाला. साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान, मनगटावर बशीएवढं घड्याळ, दर रविवारी पळून आला की सोमवारी चहाच्या वेळी सगळ्यांना त्याचे आकडे ऐकावे लागत. ते 'काका' मोजणीदाराला काट्यासारखं रुतलं. खाली तळघरात ट्यूबलाइट फडफडायची, जुन्या नकाशांना कुबट वास यायचा आणि दिवसभरात एकही माणूस पायऱ्या उतरून येत नसे. उन्हात उभं राहून दोन भावांच्या मधून सरळ रेष ओढणं हेच त्याला येत होतं, तेच काढून घेतलं. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं तिथे काढली तर आपण तिथेच वाळून जाणार, हे त्याने बायकोला एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

साहेबाकडे मात्र त्याने दर आठवड्याला काढला. शेवटी साहेब कंटाळून म्हणाला, "हे बघा, शहरात रात्रीची हाफ मॅरेथॉन होणार आहे, मी प्रमुख पाहुणा आहे. अडीच तासांत पुरी करून दाखवा. सोमवारी तुमच्या फिल्डच्या ऑर्डरवर सही करतो." आजूबाजूचे चार कारकून हसले. मोजणीदार हसला नाही. त्याने विचारलं, "एकवीस किलोमीटर सत्त्याण्णव मीटर ना?" साहेब म्हणाला, "हो, तेच ते."

तेच ते म्हणे. मूर्ख.

तयारीला सहा महिने होते. दुसरे लोक बूट घेतात, मोजणीदाराने ऑफिसातून टेप आणला. घरासमोरच्या रस्त्यावर खडूने शंभर मीटर आखले आणि तेवढ्यातच चाळीस वेळा पळून आपलं पाऊल मोजलं. डावं-उजवं मिळून एक जोडपाऊल, तशी शंभर मीटरला छप्पन्न, चढावर अठ्ठावन्न. म्हणजे किलोमीटरला पाचशे साठ. मग त्याने एकवीस खडे निवडले, सगळे हरभऱ्याएवढे, आणि उजव्या खिशात टाकले. पाचशे साठ झाली की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. जंगलात मोजणी करताना त्याच्या गुरूने शिकवलेली ही रीत होती, आणि फोनमधली ती बोलणारी बाई चुकेल पण खडा चुकणार नाही, यावर त्याचा देवावर नसेल इतका विश्वास होता.

बायको घड्याळ धरायची. ती टायपिंगचा क्लास चालवत असे, पंचवीस वर्षं हातात स्टॉपवॉच. परीक्षेत वेळ संपली की 'हात वर' म्हणायची, आणि त्यानंतर कोणी एक अक्षर जरी मारलं तरी खोडून टाकायची. स्वतःच्या धाकट्या बहिणीला तिने दोन सेकंदांसाठी नापास केलं होतं. या घरात अंतर एकाकडे आणि वेळ दुसऱ्याकडे, त्यामुळे संसारात भांडायला जागाच उरली नव्हती. पहाटे ती फाटकापाशी शाल पांघरून उभी राहायची, पर्समध्ये जिभेखाली ठेवायची गोळी. गोळीबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत.

महिनाभर आधी आयोजक घरी आला. हा जिमवाला, दंड एवढाले की हात अंगाला टेकत नव्हते. म्हणाला, "काका, मार्ग तेवढा मोजून द्या ना. तुमच्यासारखं माणूस शहरात दुसरं नाही." शब्द चांगले होते. पण पुन्हा ते काका. शिवाय त्याने सोबत आणलेल्या पत्रकावर 'अंदाजे २१ किमी' असं छापलेलं होतं. अंदाजे हा शब्द वाचून मोजणीदाराचं डोकं फिरलं.

"मोटरसायकलच्या मीटरवर मोजा," तो म्हणाला. "तुमच्या लायकीला तेवढं पुरे."

जिमवाला मान डोलावून गेला. बायको आतून म्हणाली, "मोजून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्हालाच तर पळायचंय त्यावर." मोजणीदार म्हणाला, "मूर्खांची कामं मी करत नाही." त्या रात्री तिने आमटीत मीठ घातलं नाही.

शर्यतीची वेळ रात्री नऊची होती. सव्वादहा वाजले तरी प्रमुख पाहुण्याची गाडी आली नव्हती. तोवर लाउडस्पीकरवर एक बाई नऊशे लोकांना हातवारे करायला लावत होती. छातीला लावायचे नंबर होते, पण टाचण्या संपलेल्या, म्हणून ते चिकटपट्टीने चिकटवत होते, आणि घाम आला की नंबर गळून पायाखाली. तीनशे बारा नंबर दोघांना मिळाला होता आणि ते दोघं एकमेकांना ओळखपत्र दाखवत भांडत होते. टी-शर्ट सगळे एकाच मापाचे, मोजणीदाराचा गुडघ्यापर्यंत आला. नऊशे माणसांना तीन संडास. तिसऱ्याला कडी नव्हती, त्यामुळे आत गेलेला माणूस आतून गाणं म्हणत बसायचा. मोजणीदार हे सगळं पाहत होता आणि, खरं सांगायचं तर, सुखात होता. जग त्याच्या अपेक्षेला इतकं पुरेपूर उतरलेलं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बायको म्हणाली, "आज तोंडाला कुलूप. पळा आणि या."

अखेर साहेबाने झेंडा हलवला आणि तिने बटण दाबलं.

पहिला किलोमीटर गर्दीत गेला. मग रस्त्यावरचे दिवेच संपले. प्रत्येकाला टॉर्च देणार होते, ते टॉर्च म्हणे अजून ट्रकमध्येच होते. रस्ता बंद असेल असं छापलं होतं, तर समोरून दुधाचा टँकर आला आणि पळणाऱ्यांवर हॉर्न मारून गेला. पाण्याच्या टेबलावर वीस वीस लिटरचे जार होते आणि पेला एकही नव्हता. लोक ओंजळ धरून उभे, जणू तीर्थ मिळणार आहे. मोजणीदाराने आपली बाटली आणली होती. एकशे चार, एकशे पाच, तो मोजत राहिला.

'५ किमी'ची पाटी आली तेव्हा त्याच्या डाव्या खिशात चारच खडे होते. पाचव्याला अजून दोनशे जोडपावलं बाकी होती. पाटी लावणारा मूर्ख, त्याने मनात नोंद केली आणि पुढे गेला. पण '१०'च्या पाटीला नऊच खडे झाले होते, आणि '१५'च्या पाटीला चौदा सुद्धा झाले नव्हते. एक पाटी चुकेल, पण सगळ्या पाट्या सारख्याच प्रमाणात कशा चुकतील? तेव्हा त्याला कळलं. दर किलोमीटरला ऐंशी मीटरच्या आसपास चोरी होती. मोजलेला मार्गच आखूड होता.

आणि छाती, पाय, श्वास सगळं उत्तम चाललं होतं. त्याने हिशोब मांडला. शेवटच्या कमानीशी पोचेपर्यंत साडेएकोणीस होतील. बायको तिथेच उभी असेल. कमानीखालून न थांबता पुढे जायचं, उरलेलं दीड किलोमीटर नि वर शंभर मीटर पार्किंगच्या मैदानात पुरं करायचं. सात मिनिटांना एक किलोमीटर या चालीने अकरा मिनिटं. अडीच तासांच्या आत आरामात. त्याला एवढा आनंद झाला की चढावरही तो अठ्ठावन्नऐवजी सत्तावन्नात गेला. साहेबाची सही त्याला दिसायला लागली. सोमवारचं ऊन दिसायला लागलं.

कमानीखाली तो पोचला तेव्हा दोन तास सोळा मिनिटं झाली होती. उजव्या खिशात दोन खडे. बायको हात हलवून म्हणत होती, "थांबू नका, पुढे, पुढे." तिला न सांगता कळलं होतं, कारण त्याची चाल तिला ठाऊक होती आणि इतक्या लवकर तो येऊच शकत नव्हता.

पण कमानीखाली साहेब उभा होता, शेजारी जिमवाला, आणि जिमवाल्याने मोजणीदाराच्या गळ्यात पदक घातलं. त्या पदकावर '१० किमी' असं कोरलेलं होतं. कुठल्यातरी दुसऱ्या शर्यतीतलं उरलेलं. साहेब म्हणाला, "शाब्बास काका, दोन सोळा! सोमवारी या, ऑर्डर तयार ठेवतो."

आता इथे सुज्ञ माणूस काय करेल? मान हलवून पुढे पळेल. आणि अगदीच साधा माणूस असेल तर सर्टिफिकेट घेऊन घरी जाईल. मोजणीदाराच्या हातात अकरा मिनिटांचं काम होतं आणि चौदा मिनिटं शिल्लक होती. त्याने मनात म्हटलं, यातली दोन या लोकांना देऊ. एवढी जन्माची संधी पुन्हा यायची नाही.

तो थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "हे एकवीस नाही. साडेएकोणीस आहे. नऊशे माणसांना तुम्ही रात्रभर अंधारात पळवलंत आणि दीड किलोमीटर खिशात घातलंत. पदक दहाचं, पाटी पाचची खोटी, पाणी ओंजळीत. शाळेतली पोरं यापेक्षा बरी लंगडी खेळतात." भोवती माणसं गोळा झाली. कोणी फोन काढून धरला. मोजणीदाराला चेव आला. त्याने खडे काढून दाखवले, पाऊल कसं मोजतात ते सांगितलं, चढावरचं वेगळं सांगितलं. टाचण्यांचं सांगितलं. कडी नसलेल्या संडासाचंही सांगितलं. बायकोने दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू आली आणि त्याने ऐकली नाही.

जिमवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण काका, तुम्हीच म्हणालात ना, मोटरसायकलच्या मीटरवर मोजा म्हणून? तसंच मोजलं. माझ्याच गाडीवर. चाक जरा बारीक बसवलंय, पण मीटर चालतो." आणि गर्दीकडे वळून, अगदी प्रामाणिकपणे, "मोजणीदारसाहेबांचाच सल्ला होता."

लोक हसले. मोठ्याने नाही, पण सगळेच हसले.

साहेब हसला नाही. त्याने बशीएवढ्या घड्याळात पाहिलं. "तुमचंच खरं धरू," तो म्हणाला. "अंतर कमी आहे. म्हणजे तुमची हाफ मॅरेथॉन झालेली नाही, काका. करा पुरी. अडीच तासांत ठरलं होतं, दोन एकवीस झालेत. मी निघतो, मला झोप येतेय. तुमच्या मिसेस सांगतील ती वेळ मी मान्य करीन, त्यांचा शब्द पुरे."

पाच मिनिटं. दोन द्यायची होती, पाच दिली.

मोजणीदार पळाला. पार्किंगच्या मैदानात गाड्या निघत होत्या, त्यांच्या दिव्यांत त्याचा गुडघ्यापर्यंतचा टी-शर्ट उडत होता. सहा महिन्यांत पळाला नव्हता इतका तो पळाला, आणि मोजणी एकदाही चुकवली नाही, कारण चुकवली असती तर मग राहिलंच काय? पाचशे साठ झाली, एक खडा डाव्या खिशात गेला. तोवर कमानीतली हवा सोडली होती आणि ती मैदानावर आडवी होत होती. बायको एकटीच उभी होती, एका हातात घड्याळ, दुसरा हात पर्समध्ये. शेवटचा खडा गेला. मग वरच्या सत्त्याण्णव मीटरांची चोपन्न जोडपावलं, तीही त्याने पुरी केली, एकही कमी नाही, आणि तिच्यापाशी येऊन वाकून उभा राहिला.

तिने आधी त्याची नाडी पाहिली. मग बटण दाबलेलं घड्याळ पाहिलं. पंचवीस वर्षांत तिने कोणाला विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"किती सांगू?"

मोजणीदाराने वर पाहिलं. ती गंभीरपणे विचारत होती. तो 'दोन एकोणतीस' म्हणाला असता तर तिने तेच सांगितलं असतं, साहेबाला, कोणालाही, आणि मग घरी आल्यावर स्टॉपवॉच कपाटात ठेवून दिलं असतं. कायमचं. हे त्याला दिसलं.

"आहे ते सांग," तो म्हणाला.

"दोन तास एकतीस मिनिटं, चार सेकंद."

तो तिथेच जमिनीवर बसला. तळघरातली ट्यूबलाइट त्याच्या डोळ्यांसमोर फडफडली. चार वर्षं. चौसष्ट सेकंदांसाठी. डाव्या खिशातले एकवीस खडे मांडीखाली टोचत होते, पण ते काढून टाकायचंही त्याच्या मनात आलं नाही.

"मूर्ख," तो म्हणाला.

बायकोने घड्याळ पर्समध्ये ठेवलं. "कोणाला म्हणताय?" तिने विचारलं. "साहेब गेला. जिमवालाही गेला."

"माहीत आहे," मोजणीदार म्हणाला. "म्हणून तर म्हणतोय."