वाटणारीने शेवटी घ्यायचं

आमच्या शिलाईखान्यात कामाचे गठ्ठे आधी थोरल्या बाई वाटायच्या. मजुरी नगावर. सरळ शिलाईचे अभ्रे त्यांच्या बहिणीला, कॉलरचे किचकट शर्ट आम्हाला. तक्रार करावी, तर ऐकणाऱ्याही त्याच. शेवटी मीच पदर खोचून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे आता नाही चालायचं."

मग आम्ही भिंतीवर नियम रंगवले. वाटणारी आपण निवडायची. गठ्ठे येतील तसे द्यायचे, तिने स्वतः शेवटी घ्यायचं. तिच्याविरुद्धची तक्रार पाळीने दुसरीने ऐकायची. नियम मोडला, तर महिनाभर तिचं वाटप बंद. अक्षर माझं, निवडूनही मीच आले. थोरल्या बाई कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसल्या.

या आठवड्यात माझी लेक कामाला लागली. नवशिकी पोर, सुईखाली बोट जाईल अशी मला धास्ती. रोज अभ्र्यांचा गठ्ठा मी तिच्यासाठी हळूच बाजूला सरकवायचे. मी स्वतः शेवटीच घेते ना, मग झालं तर! मनाची समजूत घालण्यात माझा हात कोण धरणार?

आज पोरीने तो गठ्ठा सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला.

"आई, अभ्रे रोज मलाच कसे येतात? माझी तक्रार आहे."

"घरी बोलू," मी दटावलं.

"घरी तू आई आहेस. इथे वाटणारी आहेस."

तक्रार ऐकायची पाळी नेमकी थोरल्या बाईंची. आता ही बाई सगळं उट्टं काढणार, असंच मनात आलं. माझी अक्कल तेवढीच.

त्यांनी चष्मा पुसून भिंत वाचली. "महिनाभर वाटप बंद. लिहिलंय तेवढंच."

"मग उद्यापासून तुम्हीच वाटा," इस्त्रीवाली म्हणाली.

"मी कशी वाटणार? निकाल मी दिलाय. दुसरी कोणीतरी निवडा."

चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या तोंडाकडे बघवेना. उरलेला शर्टांचा गठ्ठा घेऊन मी नुसती उभी राहिले.

थोरल्या बाईंनी बाकावर सरकून जागा केली.

"बस," त्या हळूच म्हणाल्या. "मीसुद्धा आधी बहिणीचं बोटच जपत होते."