सुमनबाईची गोळी

“नाव सांगा ना महाराज, नावाबिगर गोळी कशी देऊ?” मेडिकलवाल्या बालाजीने काउंटरवर बोटं वाजवली.

बन्सीधर महाराजांनी मागे पाहिलं. मंदिर समितीचा परमेश्वर खोकल्याचं औषध घ्यायला आला होता आणि घेऊन झाल्यावरही थांबला होता. पुजारी मेडिकलवर काय घेतो, ही सोनपेठेत सार्वजनिक हिताची बाब होती.

गोळ्या परभणीहून यायच्या. पुतण्या उद्धव तिथे घेऊन एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. महाराज घरी त्या पाकिटातून सोडवत, अंगाऱ्याच्या डबीत भरत आणि पाकीट चुलीत घालत. आज एसटी वाटेतच बंद पडली. डबी रिकामी. घरी सुमनबाई सकाळपासून उशी कवटाळून बसलेली, ओठ जांभळे. बालाजीपुढे सरकवायला पाकिटाचा तुकडाही उरला नव्हता; महाराजांनी अब्रू फारच चोख राखली होती.

“सिल्डेनाफिल.”

बालाजीचा हात हवेतच राहिला. परमेश्वरचा खोकला थांबला, औषध न पिताच.

“तुमाला?”

“बायकोला.”

यावर मात्र परमेश्वरला काउंटर धरावं लागलं. “अरारारा! पुरुषाच्या ताकदीची गोळी बाईला?”

“हसून घे. मंग ऐक.” महाराज काउंटरवर वाकले. “तिच्या फुफ्फुसातल्या नसा आवळल्यात. ही गोळी त्या सैल करती. डाक्टर म्हनले, मुळात छातीच्या दुखण्यावरच शोधत होते. दुसराच गुण निघाला, आन त्योच गाजला. बालाजी, आपुन हितं बोलायलोत; तिकडं तिला दम पुरंना.”

“चिठ्ठी?”

चिठ्ठी उद्धवकडे होती. महाराजांनी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पलीकडची बाई शांतपणे प्रतीक्षा करायला सांगत होती. अखेर उद्धव भेटला, चिठ्ठीचा फोटो आला. बालाजीने तो मोठा करून वाचला, हसू आवरलं आणि सवयीने गोळ्या कागदात गुंडाळायला घेतल्या.

“नको गुंडाळू,” म्हणत महाराजांनी पाकीट ओढलं आणि तसंच उघडं हातात धरून, धोतर सावरत, भर बाजारातून पळत सुटले.

संध्याकाळी परमेश्वर मागच्या दाराने आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “महाराज, खरंच गुण येतो का?”

महाराजांनी खाटेकडे बोट केलं. सुमनबाई सकाळपासून पहिल्यांदाच आडवी झाली होती. परमेश्वरने चपला काढल्या. तिचा पदर वर होत होता, खाली येत होता. दोघंही तेवढंच बघत उभे राहिले.